देवाला आवडेल असं ख्रिस्ती जीवन रोजच्या व्यवहारात कसं जगायचं?

तुम्ही लिहिलंय की बाप्तिस्म्याला तीन वर्षं झाली, रविवारची उपासना चुकत नाही, शुक्रवारी उपास असतो, परभणीकडं कापूस-सोयाबीनची शेती आहे. तरी देव आपल्यावर प्रसन्न आहे असं वाटत नाही.

तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेनं मिळतं, कमवावं लागत नाही. बायबलमधलं इफिसकरांस पत्र २:८-१० वाचा. आधी कृपा, मग सत्कर्मं. हा क्रम उलटला की उपास म्हणजे नवस फेडणं होऊन बसतं, आणि मला वाटतं तुमचं तेच झालंय.

आता व्यवहार. नीतिसूत्रे ११:१ मध्ये देवाला काय आवडतं ते सरळ सांगितलंय: खरं वजन. खोट्या काट्याचा त्याला वीट येतो. वेचणी किलोवर असते, म्हणून संध्याकाळी काटा वेचणाऱ्या बाईसमोरच लावा. रिकामं फडकं आधी तोला आणि तेवढंच वजा करा. ‘ओल आहे’ म्हणून गाठोड्यामागं किलो-दोन किलो उडवायची रीत गावात असली, तरी ती चोरीच. आकडा वहीत लिहा, तिलाही सांगा. मजुरी त्याच दिवशी द्या. बायबलच्या लेवीय १९:१३ आणि अनुवाद २४:१५ या दोन्ही पुस्तकांत हेच आहे. आठवड्याच्या बाजाराला द्यायचं ठरलं असेल तर ते वेचणीआधी ठरलेलं हवं. घोटाळा होतो तो ‘मोंढ्यातून पट्टी (विकलेल्या मालाचे पैसे) आली की देतो’ इथं. भाव पडला, आडत्यानं पैसे लांबवले, की तुमचा तोटा मजुराच्या चुलीवर जातो. म्हणून वेचणीचे पैसे हंगामाआधीच बाजूला काढा. जमत नसेल तर माणसं कमी लावा.

दुसरी जागा बांध. ट्रॅक्टरवाल्याला ‘जरा तिकडून घे’ म्हणायचं, दरवर्षी नांगराचं एक तास (एक ओळ) पलीकडं सरकतो, पाच-सात वर्षांत बांध उरतच नाही. अनुवाद १९:१४ नेमकं यावरच आहे. कोरला असेल तर नांगरटीआधी बांधापलीकडच्या भावाला शेतावर बोलवा, जुनी खूण दाखवा, तेवढी जागा सोडा. खूणच राहिली नसेल तर दोघांनी मिळून सरकारी मोजणी मागवा. मत्तय ५:२३-२४ प्रमाणे अर्पणाच्या आधी समेट. फक्त जाताना ‘तूही चुकलास’ हे वाक्य घरी ठेवून जा, ते निघालं की सगळं मुसळ केरात. तो नाहीच बोलला तर रोमकरांस १२:१८ तुमच्यासाठी आहे: आपल्याकडून होईल तेवढं करायचं.

वाचनाचं थोडक्यात. उत्पत्तीपासून सुरू करणारे बहुतेक निर्गमच्या उत्तरार्धात, निवासमंडपाच्या (देवाच्या उपासनेच्या तंबूच्या) मापांत अडकतात. मार्काच्या शुभवर्तमानापासून धरा, १६ अध्याय, रोज एक. मग याकोबाचं पत्र, ५ अध्याय. नीतिसूत्रांचे ३१ अध्याय तारखेप्रमाणे वाचता येतात. रात्रीची लाइट असली आणि पाणी द्यायला जावं लागलं, तर सकाळी डोळे मिटतात. दुपारी जेवणानंतर झाडाखाली बसून वाचा. प्रार्थना मात्र आडवं होऊन नको, झोप लागते.

उपास ठेवाच, पण यशया ५८ वाचून ठेवा. तिथं तक्रार हीच आहे की उपासाच्या दिवशीही मजुरांना राबवून घेता. एक जेवण सोडा, त्याचे पैसे वेगळे काढून गरजूला द्या. पाणी पीत राहा, एप्रिल-मेच्या उन्हात तर नक्कीच. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण सोडू नका. त्याऐवजी एखादा दिवस मोबाइल बाजूला ठेवा.

दशमांश, म्हणजे देवासाठी काढायचा उत्पन्नाचा दहावा भाग, पट्टी हातात पडली त्याच दिवशी पाकिटात घाला, महिनाअखेरीला काही उरत नाही. दुष्काळाच्या वर्षी कर्ज काढून देऊ नका. २ करिंथ ८:१२ प्रमाणे जवळ असेल त्यातूनच द्यायचं असतं, आणि त्या वर्षी मजुरांची बाकी आधी फेडायची.