पूलमध्ये हात बसलेला खेळाडूही एखाद्या दिवशी सोपे बॉल का चुकवतो?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. वर्षानुवर्षं पूल (टेबलावर पांढरा बॉल मारून बाकीचे बॉल पॉकेटमध्ये, म्हणजे कडेच्या भोकांत, घालायचा खेळ) खेळणारा, काल रॅकमागून रॅक, म्हणजे मांडलेले सगळे बॉल, साफ करणारा माणूस आज समोरचा बॉलही पॉकेटच्या जबड्याला, म्हणजे तोंडाच्या कडेला, लावून परत कसा आणतो, हा एक. आणि असा दिवस उजाडला तर क्यू, म्हणजे खेळायची काठी, पिशवीत घालावा की खेळत राहावं, हा दुसरा. मी बरीच वर्षं खेळतोय, अधूनमधून नवख्यांना शिकवतोही, त्यामुळे हे प्रकार स्वतःच्या आणि दुसऱ्यांच्या हातात भरपूर पाहिले आहेत.

थोडक्यात सांगायचं तर, त्या दिवशी खेळ जेवढा वाईट दिसतो तेवढा तो बिघडलेला नसतो. बिघाड इवलासा असतो आणि पूल हा खेळ त्याचा बोभाटा करतो. उरलीसुरली कसर खेळाडू दुरुस्तीच्या नादात स्वतःच भरून काढतो.

आधी अंतरं बघा. पूलचा बॉल ५७.१५ मिलिमीटर व्यासाचा असतो. स्पर्धेच्या टेबलावर कोपऱ्यातल्या पॉकेटचं तोंड साधारण ११४ मिलिमीटरचं, म्हणजे दोन बॉल शेजारी शेजारी जेमतेम मावतील एवढं. बॉल बरोबर मधून गेला तर दोन्ही बाजूंना साधारण २८ मिलिमीटर मोकळे. आता असं धरा की पांढरा बॉल आणि मारायचा बॉल यांच्यात एक मीटर आहे, तिथून पॉकेट आणखी एक मीटरवर आणि सगळं एका रेषेत. नवख्यालाही सोपा वाटावा असा शॉट. पांढरा बॉल ठरलेल्या रेषेपासून अंशाच्या फक्त दहाव्या भागाने हलला, तर एक मीटर जाईपर्यंत तो पावणेदोन मिलिमीटर बाजूला जातो. नुसत्या डोळ्यांना ते कळायचंही नाही. पण दोन गोल एकमेकांवर आदळले की तीच चूक सोळा-सतरा पटींनी वाढते. मारलेला बॉल दीड अंशाहून जास्त तिरका निघतो आणि पॉकेटपाशी पोचेपर्यंत साधारण २९ मिलिमीटर बाजूला गेलेला असतो. थेट जबड्यावर! आणि अंशाचा दहावा भाग म्हणजे क्यूच्या टोकाशी किती? ब्रिजच्या, म्हणजे क्यूला आधार देणाऱ्या पुढच्या हाताच्या, पुढे क्यू पंचवीस सेंटिमीटर असेल, तर तेवढ्या अंतरात टिप अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी सरकली की काम झालं. मला तर एरवी हात त्या मर्यादेत राहतो कसा, याचंच जास्त नवल वाटतं.

हा अर्धा मिलिमीटर येतो कुठून, तर बहुतेक वेळा मागच्या हातातून. चांगल्या दिवशी क्यू बोटांवर नुसता टेकलेला असतो. तो मागे जाताना करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आपोआप सैल होतं, पुढे येताना परत मिटतं. झोप अपुरी झाली असेल, गारठ्याने हात आखडला असेल किंवा डोक्यात दुसराच काही घोळ चालू असेल, तर ही दोन बोटं सुटतच नाहीत. मूठ आवळलेली राहिली की मागे जाताना क्यूचं बूड वर उचललं जातं, मनगट किंचित वळतं आणि टिप बॉलच्या मध्यावर लागण्याऐवजी केसभर डावीकडे किंवा उजवीकडे लागते. मध्य चुकला की पांढरा बॉल क्यूच्या रेषेतून विरुद्ध बाजूला जरा ढकलला जातो. वर न मागितलेला साइड स्पिन, म्हणजे आडवी फिरकी, मिळतो. टक्कर होताना तो स्पिन घर्षणामुळे मारलेल्या बॉललाही किंचित ओढतो. करंगळी सुटली नाही म्हणून तीन ठिकाणी फरक पडला, आणि खेळाडू मात्र म्हणतो, ‘आज नेमच लागत नाहीये.’

दुसरी जागा डोक्याची. हनुवटी क्यूवर नेहमीच्या जागेपासून थोडी बाजूला आली की सरळ रेष सरळ दिसत नाही. पंचाईत अशी की खेळाडूला हे आतून समजत नाही, कारण त्याला जी दिसतेय तीच सरळ वाटते. मान आखडलेली असताना किंवा चष्मा बदलल्यावर हे हमखास होतं. अशा वेळी समोर उभं राहून कुणीतरी बघितलेलं बरं.

आता बोभाटा कसा होतो ते. समजा एखादा खेळाडू १०० पैकी ९५ शॉट घालतो. नाइन-बॉलचा रॅक संपवायला ओळीने नऊ बॉल घालायचे असतील, तर तो १०० पैकी ६३ वेळा रॅक साफ करेल. तेच प्रमाण ९० वर आलं तर फक्त ३९ वेळा. लागोपाठ दोन रॅक साफ करायची शक्यता ब्रेकचा, म्हणजे रॅक फोडायच्या पहिल्या शॉटचा, भाग सोडून मोजली, तर ४० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर येते. म्हणजे वीस शॉटमागे एक चूक होती ती दोन झाली, एवढाच काय तो फरक. पण बघणाऱ्यांना कालचा वाघ आज सापडेनासा होतो. जो मुळात १०० पैकी ५० घालतो त्याचे ४५ झाले तर त्याला स्वतःलाही पत्ता लागत नाही. म्हणून ‘आज दिवस वाईट आहे’ ही तक्रार मुरलेल्यांचीच. नवख्याला ती परवडतच नाही.

हे गणितही तसं भोळं आहे, कारण त्यात प्रत्येक शॉट वेगळा धरलाय. प्रत्यक्षात एका शॉटचं ओझं पुढच्यावर जातं. वाईट दिवस मला बॉल घालायचा चुकण्याच्या आधी पांढऱ्या बॉलमध्ये दिसतो. बॉल पडतायत, बाजूला बसलेले खूश आहेत, पण पांढरा बॉल जिथे थांबायला हवा तिथून वीतभर पुढे जातोय. मग पुढच्या बॉलला कोन जरा उलटा मिळतो, तो सावरायला जास्त जोर आणि साइड लावावी लागते, त्यातून पांढरा बॉल कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला, चिकटून बसतो. आता कुशनवरून, क्यू उचलून, लांबचा पातळ कट मारायचा, म्हणजे बॉलला जेमतेम कडेला लागून तो तिरका पाठवायचा. तो चुकतो आणि लोक म्हणतात, कट गेला. खरं म्हणजे खेळ तीन शॉट आधीच गेला होता, दोन-चार टक्के जास्त लागलेल्या जोरात.

जोराचा अंदाज चुकायला टेबलही कारण असतं. हवा दमट असली की कापड ओलावा धरतं, बॉल कमी पळतो, कुशनवरून येणारे कोनही बदलतात. बॉल मळलेले असले किंवा नेमक्या टकरीच्या जागी चॉकचा ठिपका असला, तर दोन बॉल क्षणभर एकमेकांना धरतात आणि कट नेहमीपेक्षा जाड जातो, म्हणजे बॉल हवा तेवढा तिरका निघत नाही. नुकतेच पॉलिश केलेले बॉल याच्या उलट वागतात. मुरलेल्या खेळाडूच्या हातात नेहमीच्या टेबलाचा हिशोब इतका भिनलेला असतो की टेबल बदललंय हे लक्षात यायच्या आधीच तो दोन-तीन शॉट घालवून बसतो आणि दोष स्वतःच्या हाताला देतो.

आणि इथून खरी घसरण सुरू होते.

लोकांना वाटतं बघे जमले की दडपण येतं आणि हात बिघडतो. हे इतकं सरळ नाही. १९८२ साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पूल खेळणाऱ्यांना आधी लांबून, त्यांच्या नकळत पाहिलं आणि मग चार जण मुद्दाम टेबलाजवळ जाऊन उभे राहिले. चांगल्या खेळाडूंचं यश ७१ टक्क्यांवरून ८० वर गेलं, कच्च्या खेळाडूंचं ३६ वरून २५ वर आलं. म्हणजे नुसत्या नजरांनी मुरलेला हात बिघडतोच असं नाही. तो बिघडतो खेळाडूची स्वतःची नजर आत वळली की. मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर यांनी १९८४ साली हेच मांडलं: दडपणाखाली माणूस आपल्याच हालचालींकडे लक्ष द्यायला लागतो, आणि जी गोष्ट हात न विचारता करत होता ती बिघडते.

टेबलावर हे कसं दिसतं सांगतो. पहिला सोपा बॉल चुकला. पुढच्या शॉटला खेळाडू एरवीपेक्षा दोन-तीन वेळा जास्त क्यू मागेपुढे करतो. कोपर बघतो. मागचा बॉल उजवीकडे गेला म्हणून नेम जरासा डावीकडे धरतो, पण हाताला जुनीच रेष माहीत असते, तेव्हा ऐन मारताना हात क्यूला वळवून परत जुन्या रेषेवर आणायला बघतो. त्या ओढाताणीत मूठ आवळते. बॉल पडला की नाही हे बघायची इतकी घाई असते की टिप बॉलला लागायच्या आतच डोकं वर येतं आणि खांदाही. आता चुकायला दोन कारणं आणखी मिळाली. मूळचं कारण, ती करंगळी किंवा दमट कापड, एव्हाना कुणाच्या लक्षातही राहिलेलं नसतं.

डोळ्यांचंही तसंच. मारण्याआधी नजर शेवटची जिथे स्थिरावते ती किती वेळ थांबते, हे २००२ साली बिलियर्ड्सच्या खेळाडूंवर तपासलं गेलं. कसलेल्यांची नजर जास्त वेळ थांबते आणि घातलेल्या शॉटमध्ये चुकलेल्यापेक्षा जास्त वेळ थांबते, असं दिसलं. घाबरलेला खेळाडू नेमका तिथेच वेळ कापतो. तयारीला चौपट वेळ घेतो, पण बॉलवर नजर ठरू देत नाही.

एवढं सगळं सांगितल्यावर हेही सांगायला हवं की काही वाईट दिवसांना कारणच नसतं. ९५ टक्क्यांचा खेळाडू अगदी नेहमीसारखा खेळत असला तरी वीस शॉटमध्ये तीन किंवा जास्त चुका, नुसत्या योगायोगाने, साधारण दर तेरा वेळांत एकदा होतीलच. अमेरिकेच्या जॉन श्मिटने २०१९ साली स्ट्रेट पूल या पूलच्याच एका प्रकारात न चुकता सलग ६२६ बॉल घालून विली मॉस्कोनीचा १९५४ पासूनचा ५२६ चा विक्रम मोडला. त्यासाठी तो काही महिने पुनःपुन्हा सुरुवात करत होता आणि बहुतेक प्रयत्न त्याच्या कितीतरी आधी संपत होते. ज्या प्रयत्नांत तो लवकर थांबला ते सगळे ‘वाईट दिवस’ होते असं कोण म्हणेल? आपल्याला मात्र सलग दोन बॉल चुकले की लगेच कारण हवं असतं, आणि शोधणाऱ्याला ते सापडतंही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. अंग दुखतंय, झोप झालेली नाही, असं असेल तर सरळ घरी जा. एरवी क्यू ठेवायच्या आधी एक तपासणी करा. पांढरा बॉल एकटाच टेबलावर ठेवा, बरोबर मध्यावर टिप लावून समोरच्या आखूड कुशनवर सरळ मारा आणि मारून झाल्यावर क्यू होता तिथेच धरून ठेवा. बॉल परत येऊन टिपला लागला, असं चार-पाचदा झालं, तर तुमचा हात ठीक आहे. मग टेबल अनोळखी आहे किंवा नशीब तरी. दर वेळी एकाच बाजूने चुकत असेल तर पकड बघा, मग हनुवटी. कधी इकडे, कधी तिकडे येत असेल तर बहुधा घाई होतेय.

सामना चालू असेल तर तपासायला वेळ नसतो. तेव्हा साइड स्पिन शक्य तेवढा टाळा आणि जोर कमी ठेवा. हळू आलेला बॉल जबड्याला घासूनही पडतो, जोरात आलेला खडखडून बाहेर येतो. पन्नास-पन्नास वाटणाऱ्या शॉटला सेफ्टी खेळा, म्हणजे बॉल घालायचा सोडून समोरच्याला अवघड जाईल असं मारा, त्यात लाज नाही.

आणि स्टान्स (उभं राहायची पद्धत), ग्रिप, नेम धरायची पद्धत यांतलं काहीही त्याच दिवशी बदलू नका. समजा खरं कारण दमट हवा होती आणि तुम्ही पाय सरकवून बॉल पाडायला लागलात. उद्या हवा कोरडी होईल, पाय मात्र सरकलेलाच राहील, आणि तो मूळ जागी आणायला आठवडे जातात.