ऑनर्स सेमिनार घेऊ का, म्हणून विचारलंस ना

प्रिय पोरी,

तुझा मेसेज मिळाला. टेक्सासच्या बेलर युनिव्हर्सिटीच्या ऑनर्स कॉलेजात, म्हणजे जास्त वाचन-चर्चा करणाऱ्या मुलांच्या खास विभागात, नंबर लागलाय, तुला करायचंय प्री-मेड, म्हणजे मेडिकलची पूर्वतयारी, आणि घरी सगळे म्हणतायत की आधीच केमिस्ट्री-बायोलॉजीने जीव जाणार, त्यात सेमिनारमधली ही जुनी पुस्तकं कशाला, जीपीए पडला म्हणजे? त्यांची काळजी खोटी नाहीये, पण मला विचारशील तर घे, फक्त काय घेतेयस ते नीट कळून घे.

बेलर 1845 ची, बॅप्टिस्टांची, म्हणजे एका प्रोटेस्टंट ख्रिश्चन पंथाची युनिव्हर्सिटी. चॅपल, म्हणजे प्रार्थनासभा, आणि बायबलचा अभ्यास ऑनर्स नाही घेतलंस तरी चुकणार नाहीये, त्यामुळे "ऑनर्समध्ये धर्म शिकवतात" म्हणून नको म्हणण्यात काही अर्थ नाही. ऑनर्स कॉलेज 2002 मध्ये झालं, पण त्यातला इंटरडिसिप्लिनरी कोअर, ज्याला सगळे बीआयसी म्हणतात, तो 1995 पासून चालू आहे. तो नेहमीच्या कोअर, म्हणजे सगळ्यांना सक्तीच्या, कोर्सेसच्या जागी येतो, वेगवेगळ्या डिपार्टमेंटचे प्राध्यापक मिळून शिकवतात, आणि खरं काम होतं ते छोट्या ग्रुपच्या चर्चेत.

ती चर्चा कशी चालते ते सांगतो. समज जुन्या काळच्या ख्रिश्चन संत ऑगस्टीनचं कन्फेशन्स हे आत्मकथन लागलंय. सोळा वर्षांचा हा मुलगा, रात्री मित्रांबरोबर शेजारच्या झाडावरचे नाशपाती चोरतो, भूक नाही काही नाही, बहुतेक डुकरांपुढेच टाकून देतो, आणि पुढे बिशप झाल्यावर त्या एका चोरीवर पानंच्या पानं लिहितो. का? सायकॉलॉजीवाली म्हणेल मित्रांच्या नादाने केलं, आणि तो स्वतःच म्हणतो की एकटा असतो तर केलं नसतं. थिऑलॉजीवाला म्हणेल एवढ्यावर थांबू नकोस, त्याला चोरीचीच गोडी लागली होती ते बघ. आणि तू? तू त्या दोन वाक्यांवर बोट ठेवून विचारायचं की ही दोन्ही एकाच वेळी खरी कशी? एवढा एक प्रश्न नीट विचारलास तरी तासाचं चीज झालं. पुढे पेशंट म्हणेल "कळतं हो, पण सुटत नाही", तेव्हा हाच प्रश्न तुझ्यासमोर बसलेला असेल, हे मी अगदी मनापासून सांगतोय.

म्हणून वाचून जा. समरी वाचून नाही, पुस्तक वाचून, आणि जिथे अडलीस तिथे पान दुमडून ठेव. पहिल्या काही आठवड्यांत ख्रिश्चन शाळांमधून आलेली मुलं वचनं तोंडपाठ म्हणतील, घाबरू नकोस, पाठ असणं वेगळं आणि समोरचं पान वाचणं वेगळं. तुला कुणी "तुमच्या धर्मात काय म्हणतात" विचारलं तर सगळ्या हिंदूंच्या वतीने उत्तर द्यायला तू बांधील नाहीस. पण आजीकडून ऐकलेले तुकोबांचे अभंग, विठ्ठलापुढे स्वतःचे दोष उघडे करणारे, ते ऑगस्टीन वाचताना आठवले तर खुशाल बोल, आधी ऑगस्टीनचं पान उघडून मग बोल म्हणजे झालं. पटत नसेल तर पटत नाही म्हण. चांगल्या प्राध्यापकाला त्याचा राग येत नाही, उलट अशी पोरं त्यांच्या लक्षात राहतात.

वेळेचं मात्र गंभीरपणे बघ. ज्या सेमिस्टरला ऑरगॅनिक केमिस्ट्री असेल त्या सेमिस्टरला वाचनाचे दोन जड सेमिनार घेऊ नकोस, अॅडव्हायजर काहीही म्हणो. पेपर आदल्या रात्री लिहून होत नाहीत, ड्राफ्ट घेऊन ऑफिस अवर्सना जायचं, पहिल्याच महिन्यात. ऑनर्स प्रोग्रॅमला शेवटी थीसिस असतो, त्याला गाइड लागतो, आणि तो गाइड बहुतेक अशाच एखाद्या सेमिनारमध्ये भेटतो, सीनियर झाल्यावर ईमेल पाठवून शोधत बसू नकोस.

रजिस्ट्रेशनच्या आधी कोणते सेमिनार मिळतायत ती लिस्ट पाठव. आईलाही फोनवर घे, मी बोलतो तिच्याशी.

तुझा,
काका