एमपी३ फाईल पुन्हा पुन्हा कापून सेव्ह केली की आवाज का बिघडतो?

तुमचा प्रश्न असा : भजनाची एमपी३ ऑडॅसिटी या आवाज कापण्या-जोडण्याच्या प्रोग्रामात चार-पाच वेळा कापून परत एमपी३ केली, आवाज बिघडला, आता ३२० केबीपीएसवर (सेकंदाला किती डेटा ठेवायचा तो आकडा, जास्त तेवढी घट कमी) सेव्ह केली तर सुधारेल का? नाही. पुढची घट कमी होईल, गेलेलं परत येणार नाही. मूळ फाईल असेल तर आज तिची एक प्रत बाजूला ठेवा आणि तिला हात लावू नका.

माझ्याकडून नेमकं हेच झालं. इथे सोलापुरात आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाची एक कॅसेट आहे, पेटीवर माझे वडील. ती मी थेट १२८ केबीपीएसच्या एमपी३त उतरवली. मग एके दिवशी कुणाचा तरी खोकला काढला, दुसऱ्या दिवशी अभंगांमधली कुजबुज, आणि दर वेळी पुन्हा एमपी३. पेटी बरी वाजत होती, पण टाळ गेले. खणखणीत ठोका जाऊन पाण्याखालून यावी तशी सळसळ राहिली. टाळ-झांजांना हा मार सगळ्यांत आधी बसतो, तेव्हा तपासताना इयरफोन लावून तेच ऐका.

एमपी३ करताना कानाला कमी जाणवेल असा भाग टाकून दिला जातो. ऑडॅसिटी फाईल उघडताना ती पूर्ण उलगडते आणि एक्स्पोर्टच्या वेळी नव्याने दाबते. खोकला एकच कापलात तरी अख्खं भजन पुन्हा त्या चाळणीतून जातं.

म्हणून काम वेव्हमध्ये (आवाज न दाबता जसाच्या तसा ठेवणाऱ्या फाईलमध्ये) करा, एमपी३ शेवटी एकदाच. ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ वेव्हला मिनिटाला साधारण १० एमबी लागतात; तासाची कॅसेट ६०० एमबीच्या आसपास. जागा नसेल तर फ्लॅक वापरा, बरीच लहान होते आणि आवाजातलं काहीच जात नाही.

तुमच्याकडे फक्त एमपी३च असेल आणि नुसतं कापायचं असेल, तर एमपी३डायरेक्टकट हा प्रोग्राम घ्या. ते फाईल नव्याने दाबत नाही. कट साधारण २६ मिलिसेकंदांच्या टप्प्यांवरच बसतो, पण दोन अभंगांमधल्या शांततेत तेवढं चालतं.

कॅसेटवरून घेताना सगळ्यांत मोठ्या आवाजाची लेव्हल मीटरवर उणे ६ डेसिबलच्या आसपास ठेवा. वर जाऊन फुटलेला आवाज पुन्हा नीट होत नाही. खरखर काढतानाही हात आवरा, जास्त काढली की गाणाऱ्याचा श्वासही जातो.

मी ती कॅसेट पुन्हा पहिल्यापासून वेव्हमध्ये उतरवली. तिसऱ्या अभंगात मागे मिलचा भोंगा होतो. तो मी काढलेला नाही.