मास्टर्स जलतरण स्पर्धेत महागडा टेक सूट घालणं ही फसवणूक आहे का?

प्रश्न: मी पणजीचा, वय ४६. मास्टर्समध्ये (प्रौढांच्या वयोगटानुसारच्या स्पर्धांमध्ये) १०० मीटर फ्रीस्टाइल १:१८ ला, म्हणजे १ मिनिट १८ सेकंदांत पोहतो. टेक सूट, म्हणजे शर्यतीसाठीचा खास घट्ट पोहण्याचा सूट, घेऊ का? आमच्या वयात तो घालणं ही फसवणूक नाही का?

उत्तर:

फसवणूक अजिबात नाही. पैसे असतील तर खुशाल घ्या. पण १:१८ वरून १:१५ वर यायला सूट लागत नाही, त्याबद्दल खाली सांगते. मुळात 'फसवणूक' हा शब्द वाचला म्हणून लिहायला बसले. आमच्या तलावावरचे एक ज्येष्ठ प्रशिक्षक वर्षानुवर्षं हाच शब्द पन्नाशीतल्या पोहणाऱ्यांना ऐकवत आलेत, आणि माणसं विकत घेतलेला सूट पिशवीत ठेवून जुन्या जॅमरमध्ये (गुडघ्यापर्यंतच्या पोहण्याच्या चड्डीत) ब्लॉकवर, म्हणजे उडी मारायच्या चबुतऱ्यावर, चढतात. मला याची चीड आहे.

असं म्हणणाऱ्यांच्या डोक्यात अजून २००८-०९ चे सूट असतात. फेब्रुवारी २००८ मध्ये स्पीडोचा एलझेडआर रेसर आला. कापडावर पॉलियुरेथेन या रबरासारख्या प्लास्टिकचे तुकडे बसवलेले आणि जोड सुई-दोऱ्याशिवाय वेल्ड केलेले. पुढच्याच वर्षी जेकेड आणि अरेनाचे संपूर्ण पॉलियुरेथेनचे सूट निघाले आणि २००९ च्या रोम विश्वविजेतेपद स्पर्धेत ४३ विश्वविक्रम झाले. पॉल बीडरमनने २०० मीटर फ्रीस्टाइल १:४२.०० मध्ये मारून फेल्प्सला मागे टाकलं. पॅरिस ऑलिंपिक होऊन गेलं तरी तो विक्रम तिथेच होता.

ते सूट काय करायचे हे समजून घ्या, म्हणजे मास्टर्समधला वाद कळेल. ते पाणी पीत नसत, आत हवा धरून ठेवत, त्यामुळे कंबर आणि मांड्या वर तरंगत. शिवाय पोट, नितंब, मांड्या असे आवळले जात की पाण्यात मऊ मांस हलायचं बंद व्हायचं. आता सांगा, कंबर कोणाची बुडते? पोट कोणाचं सुटलेलं असतं? वीस वर्षांच्या चॅम्पियनचं शरीर मुळातच ताठ आणि सपाट असतं. खरी चैन झाली ती आपल्या वयाच्या लोकांची. म्हणून मास्टर्समध्ये एक बाजू म्हणते, हे हौसेचं पोहणं आहे, कोणाच्या पोटावर ऑपरेशनचे व्रण आहेत, कोणाला अंग झाकून हवं असतं, घालू द्या. दुसरी बाजू म्हणते, साध्या चड्डीत पोहून कोणी वयोगटाचा विक्रम केला, तो रबराने का मोडायचा? मी या दुसऱ्या बाजूची. बंदी आली ते योग्यच झालं.

जागतिक जलतरण संघटनेच्या नियमाने १ जानेवारी २०१० पासून सूट फक्त विणलेल्या कापडाचा. पुरुषांना बेंबीच्या खालपासून गुडघ्यापर्यंत, बायकांना खांद्यापासून गुडघ्यापर्यंत. मान झाकायची नाही. झिप नाही. जाडी ०.८ मिलिमीटरच्या आत, तरंगण्याचं बळ ०.५ न्यूटनच्या आत, आणि कापडातून हवा आरपार गेली पाहिजे. एकावर एक दोन सूट चालत नाहीत. म्हणजे आज दुकानात मिळणारा मान्यताप्राप्त टेक सूट फार तर घट्ट, पाणी झटकणारं कापड आहे. तो नियमात बसतो आणि सगळ्यांना खुला आहे. पैसेवाल्यालाच परवडतो हा आक्षेप मला मान्य आहे, पण मग रोज ५० मीटरचा तलाव मिळणं आणि चांगला प्रशिक्षक मिळणं हेही सगळ्यांना कुठे सारखं आहे? त्याला कोणी फसवणूक म्हणत नाही.

आता त्या प्रशिक्षकांचा लाडका पुरावा. गेल्या मे महिन्यात आमच्या गटातल्या ५२ वर्षांच्या एका ताईंचा नवा कोरा सूट शर्यतीच्या २० मिनिटं आधी मागून फाटला, आणि तेव्हापासून "वय झालेल्यांची थेरं" म्हणून हे उदाहरण दिलं जातं. कपडे बदलायच्या खोलीत मी त्यांच्या शेजारी होते, म्हणून सांगते काय झालं ते.

क्लोरीनपासून कातडी सांभाळायला त्यांनी सकाळी मांड्यांना खोबरेल चोळलं होतं. वॉर्म-अप करून ओल्या अंगाने आत आल्या, टॉवेलने पुसलं, पण मे महिन्यातली गोव्यातली बंद खोली, दोन मिनिटांत पुन्हा घामाने चिकट. सूट घाईने अर्ध्या मांडीपर्यंत आला आणि तिथून त्यांनी कंबरेचा भाग दोन्ही मुठींत धरून वर ओढला. हे कापड आडवं ताणतं, उभं फारच थोडं. गुडघ्याच्या वर कापडाच्या तीन जाड घड्या पडल्या होत्या. नितंबावरून जायला जी लांबी हवी होती ती त्या घड्यांत अडकून बसली होती. खालून कापड येईना, तेव्हा सगळा ताण मागच्या एका जोडावर आला. त्यात नख रुतलं. खांद्याचे पट्टे चढवायला वाकल्या तशी जोडावरची पट्टी चार बोटं सुटली आणि शेजारचं कापड उभं चिरलं. सूट बरोबर मापाचा होता. वयाचा यात काही संबंध नाही, सतरा वर्षांच्या मुलीनेही असा ओढला असता तर असाच फाटला असता.

नीट घालायची रीत अशी. वॉर्म-अप जुन्या सूटमध्ये करा. मग साध्या पाण्याने अंग धुवा, कोरडं करा आणि दहा मिनिटं पंख्याखाली उभे राहा; पंखा नसेल तर बाहेर वाऱ्याला. आदल्या रात्रीपासून तेल, लोशन, सनस्क्रीन काही नको. अंगठी काढा, नखं कापलेली हवीत. पावलावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवली की पाय सरकन जातो. पहिल्यांदा खालची कड गुडघ्याच्या वर तिच्या कायमच्या जागी बसवा, मग बोटांच्या पेरांनी कापडाची चिमूट धरून दोन-तीन सेंटिमीटर वर, थोडं या पायाचं, थोडं त्या पायाचं, गोल फिरत. जोडाला धरून ओढायचं नाही. जांघेपर्यंत कापड पोचलं आणि आडवी घडी राहिली नाही की मगच नितंबावरून न्यायचं. दोनदा हळू उकिडवं बसा, मांडीवरून उरलेलं कापड वर घ्या, शेवटी कंबर. बायकांनी पट्टे शर्यतीच्या दहा मिनिटं आधी दुसऱ्या कोणाकडून चढवून घ्यावेत. पहिल्या वेळी अर्धा तास धरा आणि ती पहिली वेळ घरी असू द्या, स्पर्धेच्या दिवशी नको. पायाची बोटं बधिर झाली तर माप लहान आहे. उभं राहिल्यावर मांडीच्या कडेखाली बोट सहज आत गेलं तर मोठं आहे.

शर्यत झाली की खाली गुंडाळत काढा, थंड गोड्या पाण्यात बुचकळा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून सावलीत आडवा वाळवा. तलावाच्या खरबरीत काठावर सूट घालून बसू नका. मिरामारला उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत ओला सूट ठेवला तर त्यातलं इलॅस्टेन, म्हणजे ताणणारा धागा, मेलंच म्हणून समजा. पावसाळ्यात तेऱ्याच्या पानावर पाण्याचा थेंब कसा मोत्यासारखा घरंगळतो, तसा नव्या सूटवर घरंगळतो. थेंब पसरून कापडात मुरायला लागला की सूटचं अर्धं काम संपलं. मग तो सरावात घड्याळ लावून पोहताना वापरा.

तुमच्या १:१८ कडे येते. वेग थोडा वाढवायचा तरी लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनाने वाढते: वेग १ टक्का, तर ताकद ३ टक्के. म्हणून पाण्याचा विरोध कमी करणं महत्त्वाचं आहे, पण तुमच्या वेगाला सगळ्यात मोठा विरोध बुडालेल्या कंबरेचा आणि वर उचललेल्या डोक्याचा असतो. पुरुषांचा सूट कंबरेपासून सुरू होतो, पोट तो धरतच नाही. त्याचा फायदा सगळ्यात जास्त डाइव्हनंतर आणि भिंतीवरून ढकलून निघताना, म्हणजे वेग सर्वाधिक असताना. आणि १:१८ वाले बहुतेक जण भिंतीपासून चार मीटरवर हात मारायला लागतात, म्हणजे तो फायदा घेतच नाहीत.

स्वतःच तपासा. मित्राचा सूट मापाचा असेल तर मागा. भिंतीवरून ढकला, स्ट्रीमलाइन (हात डोक्यापुढे जोडून अंग बाणासारखं सरळ), लाथ नाही, थांबेपर्यंत जा. डोकं कुठे थांबलं ते दुसऱ्याने काठावर खडूने खुणावं. जुन्या जॅमरमध्ये पाच, सूटमध्ये पाच. एकाच जॅमरमधल्या पाच खुणांमध्ये हातभर फरक असेल तर तुमची स्ट्रीमलाइनच ठरलेली नाही. सूटचे पैसे तूर्त शिकवणीला द्या. सगळ्या खुणा वितीच्या आत पडल्या आणि सूटच्या खुणा स्पष्ट पुढे असतील, तर जरूर घ्या. मधल्या किमतीचा घ्या, सगळ्यात वरचं मॉडेल पहिल्यांदा नको.

तीन गोष्टी राहिल्या. गोव्याच्या समुद्रातल्या शर्यतींसाठी हा सूट घेत असाल तर त्या स्पर्धेचे नियम वेगळे वाचा. खुल्या पाण्यात घोट्यापर्यंतचा सूट चालतो, तलावात चालत नाही. घेण्याआधी जागतिक संघटनेच्या मान्य यादीत मॉडेल आहे ना ते पाहा आणि शिक्का तपासा, कारण स्वस्तातली नक्कल कॉल रूममध्ये, म्हणजे शर्यतीआधी पोहणाऱ्यांना जमवतात त्या खोलीत, अडवली जाते. आणि उच्च रक्तदाब, व्हेरिकोज व्हेन्स, हर्निया किंवा पोटाचं अलीकडचं ऑपरेशन असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. हे मी सुरुवातीलाच लिहायला हवं होतं. उन्हात तासभर तो आवळून बसलं तर धडधाकट माणसालाही गरगरतं.

उंची, वजन, कंबर आणि मांडीचा घेर खाली लिहा, माप सांगते. त्या प्रशिक्षकांसारखं कोणी तुमच्या तलावावर बोललं तर त्यांना ०.८ मिलिमीटरचा नियम दाखवा आणि ब्लॉकवर चढा.