पाकीट गेलं की आधी कार्ड बंद, शोधाशोध नंतर

भावा, कोल्हापुरात सीबीएस स्टँडवर केएमटीच्या सिटी बसमध्ये चढताना पाकीट मारलं, "पण पिन कुणाला माहीत नाही, मग उद्या बँकेत जाऊन सांगितलं तर चालेल का" असं लिहिलंयस ते वाचून पोटात गोळाच आला. चालणार नाही. हे वाचायचं सोड, अ‍ॅपमधनं कार्ड बंद कर आणि मग ये.

मी पण असाच शहाणा होतो. दिवाळीच्या तोंडावर महाद्वार रोडच्या गर्दीत माझं गेलं आणि मी भवानी मंडपापासनं बिंदू चौकापर्यंत दोन तास खाली बघत फिरतोय, ह्या चप्पलवाल्याला विचार, त्या भेळवाल्याला विचार. कार्डावर वायफायसारखी खूण असते बघ, ते मशीनला नुसतं टेकवलं की ५,००० रुपयांपर्यंत पिन लागतच नाही, २०२१ पासनं तसंच आहे. पहिला मेसेज आला, ४,८०० गेले.

आता खरी माती इथं खाल्ली. कार्डामागचा हेल्पलाईनचा नंबर कार्डाबरोबरच गेलेला, म्हणून ब्रँचला फोन लावला. पलीकडनं उत्तर, "आता क्लोजिंग चाललंय, उद्या या." मी "बरं मॅडम" म्हणून ठेवला! पाऊण तासानं अजून ४,६५०. नियमानं कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं असतं, पण तक्रार नंबर नाही, मेसेज नाही, कळवलं हे दाखवायचं कशावरनं? नंतर चार चकरा, एकदा पोलिसांचा दाखला आणा, एकदा साहेब रजेवर, एकदा नुसतंच "बघू". पहिल्यांदा दिलेल्या अर्जाची पोच मी मागितली नव्हती, त्यांनी कशाला द्यायची.

मी काय बँकवाला नाही, तुमच्या बँकेचं वेगळं असेल, पण माझं मत पक्कं आहे, टॅपची सोय अ‍ॅपमधनं बंदच ठेवावी, अन् हेल्पलाईनचा नंबर मोबाईलमध्ये पाहिजेच. लायसन्स, आरसी डिजीलॉकरमधली चालतात, खरी घरात ठेवा. आधार तर पाकिटात कशाला फिरवतात लोक, देव जाणे. आमची आज्जी चंची कनवटीला खोचायची, तिचं कधी काही गेलं नाही.

पाकीट आठवड्यानं मिळालं, पार्किंगच्या वॉचमनकडं. लायसन्स, अंबाबाईचा फोटो आणि लाँड्रीची पावती, सगळं जागच्या जागी.