गावात एक मजल्याचं साधं घर बांधतोय, कामगारांना हेल्मेट-बूट खरंच लागतात का? ठेकेदार तर हसतो

तुमचा ठेकेदार म्हणाला ना की हेल्मेट-बेल्ट ते नागपूरच्या टॉवरले लागते, आपलं त दहा फुटाचं काम हाय, तर हेच वाक्य मी स्वतः बारा-तेरा वर्षं लोकांना ऐकवलंय, म्हणून म्हटलं उत्तर द्यावंच. मी यवतमाळ जिल्ह्यातला, आधी कुली म्हणजे बिगारी, मग मिस्त्री, आता घरकुलं, गुरांचे कोठे असे छोटे ठेके घेतो.

आधी त्या दहा फुटाचं बोलू. दहा फुटावरून माणूस सरळ खाली आला तर जमिनीला टेकेपर्यंत त्याचा वेग ताशी 28 किलोमीटरच्या आसपास होतो, म्हणजे चालत्या गाडीवरून फेकल्या गेल्यासारखंच झालं, आणि आपल्या कामावर खाली काय असते तर विटांचे तुकडे आणि कॉलमच्या उभ्या सळया. वीट पडली तरी हिशोब तोच, लाल वीट तीनेक किलोची असते आणि खाली घमेलं भरायला रेजा, म्हणजे मजूर बाई, वाकलेली असते, वर बघायला तिला वेळ कुठं आहे.

पण खरं सांगू का, माझं नुकसान उंचीवरून झालंच नाही. छताची छपाई म्हणजे प्लास्टर करत होतो, त्यात मान वर करून थापीनं माल मारायचा असतो, त्यातलाच एक गोळा सुटला आणि सरळ डाव्या डोळ्यात. मी काय केलं, दुपट्ट्यानं चोळला. मग कोणी म्हणे दूध टाक, कोणी म्हणे तूप टाक, यातच अर्धा तास गेला. जिल्ह्याच्या ठिकाणी डॉक्टरनं पाहिलं आणि पहिलं हेच विचारलं की पाण्यानं किती वेळ धुतला? धुतलाच नव्हता ना जी. ओलं सिमेंट चुन्यासारखं जाळते, ते डोळ्यात पडलं की चोळायचं नाही, पापणी उघडी धरून साध्या स्वच्छ पाण्याची धार पंधरा-वीस मिनिटं सोडायची आणि मग दवाखाना. माझ्या डोळ्यात फूल पडलं ते आजही आहे, ओळंबा उजव्या डोळ्यानंच पाहतो. शे-सव्वाशेच्या चष्म्यानं डोळा वाचला असता.

म्हणून माझा क्रम तुमच्या ठेकेदारापेक्षा वेगळा आहे. मी सगळ्यात आधी पायाचं पाहतो. सेंट्रिंग, म्हणजे स्लॅबखालचा फळ्यांचा साचा, खोललं की फळ्या खाली फेकतात, खिळे वर तोंड करून तसेच राहतात आणि आपले लोक स्लिपर चप्पल घालून त्यावरून चालतात. खिळा चपलेतून आरपार जातो, चप्पल त्याला काही अडवत नाही. मग धनुर्वाताचं इंजेक्शन, चार दिवस रोजी बुडते, त्यात शुगर असलेला माणूस असला तर बोलूच नका. सेफ्टी शूजमध्ये तळाला पत्रा असलेले घ्या, नुसतं पुढं टोपी असलेले स्वस्त भेटतात पण खिळ्याला कामाचे नाही, दुकानदाराला विचारूनच घ्या. आणि फळी खोलल्या खोलल्या खिळा ठोकून वाकवायचा, याला तर पैसेही लागत नाहीत.

स्लॅबच्या दिवशी गमबूट. ओल्या काँक्रीटमध्ये सहा-सात तास उघड्या पायानं उभं राहिलं तर पाय जळतो आणि वाईट म्हणजे तेव्हा दुखत नाही, रात्री घरी गेल्यावर आग सुटते. आमच्याकडे म्हणतात "सिमेंटनं पाय खाल्ले". बोटांच्या मधात अक्षरशः खड्डे पडतात, बाया खोबऱ्याचं तेल लावून दुसऱ्या दिवशी परत कामावर. गमबुटातही माल शिरला तर लगेच काढून पाय धुवा, नाहीतर आत तोच माल दिवसभर पायाला चिकटून राहतो.

हेल्मेट घेताना फक्त एक बघा, आयएस 2925 छापलेलं पाहिजे आणि आतली पट्ट्यांची जाळी घट्ट पाहिजे, कारण मार ती जाळी झेलते, वरची टोपी नुसती नाही. जोरात मार बसलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी टाकून द्या. मोटरसायकलचं घालून काम करतो म्हणणारे महाभागही पाहिलेत, त्यात ना ऐकू येते ना खाली वाकता येते.

आता बेल्ट, यावर लोक माझ्याशी भांडतील. एक मजल्याच्या कामात मी बेल्टवर पैसे घालत नाही. बेल्टची दोरी सहा फुटाच्या आसपास, त्यात धक्का झेलणारा भाग उलगडतो ती लांबी वेगळी, आणि माणसाची स्वतःची उंची, म्हणजे दहा फुटावरून पडला तर दोरी ताणायच्या आधीच तो जमिनीवर. बरं अडकवणार कशाला, परांचीच्या लाकडी बल्लीला? बल्लीच सुतळीनं बांधलेली. त्यापेक्षा तेच पैसे परांचीवर लावा. एका फळीवर सर्कस करण्याऐवजी तीन फळ्या जोडून टाका, त्या दोन्ही टोकाला बांधा, बाहेरच्या बाजूनं कमरेइतक्या उंचीवर एक आडवी बल्ली द्या. वरचा मजला चढवाल तेव्हा बेल्ट पाहिजेच, तोही पूर्ण अंगाचा, नुसता कमरेचा नाही, आणि पक्क्या कॉलमला किंवा बीमला अडकवलेला.

उभ्या सळयांच्या टोकांवर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या उलट्या घालतो मी. पडणाऱ्या माणसाला त्या थांबवणार नाहीत, पण येताजाता डोळ्याला-हाताला टोक लागत नाही आणि दुरून दिसते.

एका गोष्टीत हेल्मेट-बूट काही करत नाहीत, घरावरून गेलेली लाईन. सळई उभी करून वर देताना ती तारेला लागते आणि मग वाचवायला धावलेलाही चिकटतो. सळई आडवी करूनच वर घ्यायची, आणि लाईन जवळ असली तर वीज कंपनीच्या ऑफिसात अर्ज देऊन आधी हटवा, मगच काम लावा. पाणी मारायच्या मोटरला 30 मिलीअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा स्विच, लावा, ओल्यात उघडे जोड असतात.

उन्हाचं म्हणाल तर ते खोटं नाही, आपल्याकडे 45 डिग्रीत डोक्यावर प्लास्टिक म्हणजे शिक्षाच. मी एप्रिल-मे मध्ये सकाळी सहाला काम लावतो, अकराला बंद, चारला परत. दुपट्टा ओला करून मानेवर सोडायचा, गोळा करून हेल्मेटच्या आत कोंबायचा नाही.

कायद्याच्या भरवशावर राहू नका. बांधकाम कामगारांचा 1996 चा कायदा दहा किंवा जास्त कामगार असलेल्या कामाला लागायचा आणि स्वतःच्या राहत्या घराचा खर्च दहा लाखाच्या आत असला तर घरमालक त्यातून बाहेर असायचा; नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी नव्या कामगार संहिता आल्या, त्यातही स्वतःच्या छोट्या घराला सूट आहेच. म्हणजे तपासायला कोणी येणार नाही. पण कामगारांची सरकारच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी आहे का ते जरूर विचारा, वय 18 ते 60 आणि वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, ग्रामसेवकही देतो. नोंदणी असली तर सुरक्षा संच भेटतो. तो घरी पेटीतच असतो म्हणा, चमकणारं जॅकेट रात्री ओलिताला कामी येते आणि हेल्मेटमध्ये पोराचे कंचे. "उद्या पेटी घेऊन ये" म्हटलं तर तुमचा अर्धा खर्च वाचतो.

आणि देऊनही घालणार नाहीत हे धरूनच चाला. 2017 साली आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं कितीतरी शेतकरी-मजूर गेले, तेव्हा घरोघरी मास्क-हातमोज्यांची चर्चा होती, आता परत तोंडाला रुमाल बांधून फवारतात. माझ्याकडचा एक पोट्टा म्हणे, "भाऊ, हे घातलं का सारे हासतात." तेव्हापासून मी स्वतः आधी घालून उभा राहतो, हसायचं ते मला हसा. तुम्ही घरमालक, तुम्हीही कामावर आलात की घाला. ठेक्याची बोलणी करतानाच सांगा की सामान माझं, रोजी कापायची नाही, पण बुटाशिवाय सेंट्रिंगवर कोणी चढणार नाही. चुकारा तुमच्या हातात आहे, ठेकेदार ऐकतो.

फक्त गमबूट आणायच्या आधी रेजांच्या पायाचं माप विचारून घ्या. दुकानात आठ-नऊ नंबरच पडलेले असतात, त्यांना चार-पाच लागते, आणि मोठा बूट घालून त्या घमेलं घेऊन शिडी चढणार नाहीत, काढूनच ठेवतील.