भरपाई नव्हे, खंडणी

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद. हैतीवरचा तुझा लेख दोनदा वाचला. मेहनत दिसते, पण आरंभ २०१० च्या भूकंपापासून केल्यामुळे त्या देशाचे दारिद्र्य जणू निसर्गानेच लादले असावे, असा वाचकाचा समज होतो. माझे ऐकशील तर १८२५ पासून सुरुवात कर.

गुलामांनी फ्रेंच सैन्याला हरवून १ जानेवारी १८०४ रोजी स्वातंत्र्य जाहीर केले, हे तू नीट मांडले आहेस. मात्र एकवीस वर्षांनी फ्रान्सचा राजा दहावा चार्ल्स याने युद्धनौका पाठवून, मान्यता हवी असेल तर मळेवाल्यांच्या बुडालेल्या मालमत्तेपोटी १५ कोटी फ्रँक पाच हप्त्यांत भरा, अशी अट घातली, त्या प्रसंगाला तू एकच ओळ दिलीस आणि तीत ‘नुकसानभरपाई’ हा शब्द वापरलास. हा शब्द वसूल करणाऱ्याचा आहे. तोफा रोखून मागितलेल्या पैशाला आपण खंडणी म्हणतो, आणि मराठी वाचकाला तो शब्द समजावून सांगावा लागत नाही.

पुढचा व्यवहार सावकारी वळणाचा होता. पहिल्या हप्त्यासाठी पॅरिसमध्येच ३ कोटींचे कर्ज काढावे लागले. त्यातले ६० लाख आधीच कापून घेतले गेले आणि हाती २ कोटी ४० लाख पडले. १८३८ मध्ये एकूण रक्कम ९ कोटींवर आली खरी, पण ती फेडण्यासाठी घेतलेल्या कर्जांची शेपटे १९४७ पर्यंत लांबली. सरकारचे मुख्य उत्पन्न कॉफीवरील निर्यात करातून येत असे, म्हणजे अखेर हप्ता भरला तो डोंगरातल्या शेतकऱ्याने. तुझ्या लेखात हा शेतकरी कुठेच नाही.

सगळे खापर फ्रान्सवर मात्र फोडू नकोस. शेतमजुरांना मळ्यांशी जखडणारा १८२६ चा ग्रामीण कायदा हैतीचेच राष्ट्राध्यक्ष ब्वाये यांनी आणला होता. अमेरिकेचा १९१५ ते १९३४ चा ताबाही स्वतंत्रपणे तपासावा लागेल.

२००३ मध्ये राष्ट्राध्यक्ष आरिस्टीड यांनी फ्रान्सकडे परतफेड मागितली, ती तू ‘सुमारे २१ अब्ज डॉलर’ अशी गुंडाळली आहेस. मागणीचा आकडा २१,६८,५१,३५,५७१ डॉलर आणि ४८ सेंट असा होता. तो सेंटांसकट लिही.

दुसरा खर्डा महिनाअखेर पाठव.

तुझे सर